जाळं बोटीत राहिलं की बॅटरी बसते: एका मासेमारी बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात वाडीच्या पुढे माझं ऑटो इलेक्ट्रिकचं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक ट्रक, टिप्पर आणि ट्रॅक्टरची: सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग, कधी हॉर्नसुद्धा. मागच्या मे महिन्यात दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यावर दोरांनी आवळलेली १६ फुटी फायबरची बोट दिसली, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला टायर सोडून बघायला आला. समुद्र आमच्यापासून सातशे-आठशे किलोमीटर. इथे बोट म्हणजे फुटाळ्यावरची किंवा अंबाझरीवरची, आणि ती बिघडली तरी माझ्याकडे येत नाही.

बोट रामटेककडच्या एका जलाशयावरची होती. संस्थेचं, गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, बाकी सगळं घडलं तसं आहे. पूर्व विदर्भात तलावांची कमी नाही. मालगुजारी तलाव आहेत, पेंचची धरणं आहेत, आणि त्यांवर जगणारे ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या डोंग्यातूनच मासे धरत आलेत. आता काही संस्थांनी पिंजऱ्यातली मत्स्यशेती सुरू केली आहे. खाद्याची पोती न्यायला, जाळं टाकायला आणि उचलायला त्यांना इंजिनाची बोट लागते.

या बोटीला मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन, बटण स्टार्टचं. बॅटरी १२ व्होल्ट, ६५ अँपिअर-तास. तिच्यावर एक सर्चलाइट, दोन एलईडी पट्ट्या, मोबाईल चार्जिंगचं सॉकेट (वर व्होल्टेजचे निळे आकडे दाखवणारं) आणि तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप. पंपाला फ्लोट स्विच: पाणी वाढलं की तरंगणारा भाग उचलला जातो आणि पंप सुरू होतो, पाणी उतरलं की बंद. लाल चावीचा मेन स्विच सगळ्यांचा करंट तोडतो, पंपाचा सोडून. तो मुद्दाम थेट बॅटरीवर दिलेला असतो, कारण रात्री पाऊस आला आणि माणूस घरी असला तरी बोट भरून बुडू नये.

अडचण

बोट आठवड्यातून दोनदा चाले, मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे. काही वेळा बटण दाबलं की इंजिन एका झटक्यात सुरू. काही वेळा नुसती टिक्‌ टिक्‌, आणि मग दोघांनी आळीपाळीने दोरी ओढायची. एकदा जाळं उचलून झाल्यावर जलाशयाच्या मधोमध इंजिन बंद पडलं, दोरीने काही होईना, आणि वल्ही मारत परत येईपर्यंत ऊन चढलं. त्या दिवशीचा कतला आणि रोहू बर्फावर जाईपर्यंत मऊ पडला होता. व्यापाऱ्याने भाव पाडला.

माझ्याकडे येण्याआधी बॅटरी बदलून झाली होती. गावाजवळच्या बॅटरीवाल्याने "सेल मारला" असं सांगून जुनी जमा करून घेतली आणि नवी दिली. तीसुद्धा दुसऱ्या आठवड्यात बसली.

बोटीसोबत एक काका आले होते, साठीच्या पुढचे, आणि त्यांचा दहावीतला नातू. काकांनी उतरल्या उतरल्या सांगितलं, "भाऊ, जायं बोटीत राह्यलं का बॅटरी बसते. काठावर सुकवलं का नाई बसत." मी हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. जाळं नायलॉनचं, त्याचा बॅटरीशी काय संबंध? आमच्याकडे ट्रकवालेही अशा गोष्टी सांगतात: लिंबू बांधलं नव्हतं, अमुक ड्रायव्हर बसला की गाडी बंद पडते. जॉब कार्डवर मी चार ओळी लिहिल्या. त्यांत जाळं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय फुकटाचा: दर वेळी बोट बांधली की बॅटरीची एक तार काढून ठेवायची. काम होतं, पण पंपही बंद होतो. मृगाला तीन आठवडे उरले होते. एका रात्रीच्या पावसात उघडी बोट किती पाणी धरते ते काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, त्यांनी लगेच नाही म्हटलं.

दुसरा पर्याय सौर पॅनेल. संस्थेच्या सचिवांचा कल तिकडे होता, फोनवर त्यांनी पॅनेलची किंमतही काढून ठेवली होती. नागपूरच्या उन्हात छोटं पॅनेलही दिवसभरात बरंच भरून देतं, त्यामुळे तक्रार कदाचित मिटलीही असती. पण पाणी कुठून गळतंय ते न बघता टाकीत दुसरा नळ सोडण्याचा हा प्रकार. शिवाय पावसाळ्यात, गरज सगळ्यात जास्त असताना, पॅनेलच अर्धं पडतं.

तिसरा, अजून मोठी बॅटरी. तो मी बोलू दिला नाही.

चौथा, करंट कोण खातंय ते शोधणं. वेळ किती लागेल ते आधी सांगता येत नाही, आणि सापडेपर्यंत गिऱ्हाइकाला दाखवायला हातात काही नसतं. तरी तोच धरला.

पहिली फेरी, वर्कशॉपमध्ये

बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून रात्रभर सोडली. सकाळी १२.७ व्होल्ट, म्हणजे भरलेली. हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघितली, सगळ्या एका रांगेत. सेल मेलेला असता तर एकाची ग्रॅव्हिटी बाकीच्यांच्या बरीच खाली दिसली असती. लोड टेस्टलाही बॅटरी टिकली. उन्हाने बॅटरी आपोआप उतरते हे खरं, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ते उतरणं साधारण दुप्पट होतं. पण चांगल्या बॅटरीचं हे उतरणं महिन्याला काही टक्क्यांचं असतं. ४५ अंशांतसुद्धा त्याने तीन दिवसांत ६५ अँपिअर-तास संपत नाहीत.

मग नेहमीची चाचणी. मेन स्विच बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि तार व टर्मिनल यांच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावायचा. कारमध्ये अशा वेळी ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. इथे मीटरने दाखवलं ०.००.

मी दोनदा बघितलं. शून्य. फ्लोट हाताने उचलण्यासाठी मीटर काढून तार परत लावली, पंप गरगरला, फ्लोट सोडला, थांबला. ठीक. टर्मिनल घासली, व्हॅसलीन लावलं, तारांच्या टोकांचे दोन सैल लग आवळले आणि सांगितलं की करंटचं लिकेज नाही, सैल लगमुळे बॅटरी नीट चार्ज होत नसेल. काकांनी पैसे दिले. टेम्पो गेला.

इथे माझ्या दोन चुका झाल्या. दुसरी पुढे येईलच. पहिली अशी की बोटीच्या सॉकेटवरचे निळे आकडे मेन स्विच बंद असतानाही पेटलेले होते, आणि मीटर जोडला तेव्हा ते विझले. मला दिसलं होतं. डोळ्यांना दिसलं, डोक्यात शिरलं नाही.

सहा दिवसांनी फोन आला. बॅटरी बसली होती. जाळं बोटीत होतं का, हे मी आता स्वतःहून विचारलं. होतं.

दुसरी फेरी, पाण्यावर

बोट परत बोलवायची की आपण जायचं, हा खरा निर्णयाचा क्षण होता. वर्कशॉपमध्ये सगळी हत्यारं हाताशी असतात, सावली असते, आणि माझा दिवस मोडत नाही. पण बॅटरी कधी बसते? बोट पाण्यात असताना, रात्री आणि जाळ्यासकट. माझ्याकडे ती आली होती कोरडी, लाकडी ओंडक्यांवर, भर दुपारी. एका मित्राचा डीसी क्लॅम्प मीटर उसना घेतला आणि चार वाजता निघालो.

सूर्य मावळताना बॅटरी १२.६८ व्होल्ट. आधी सवयीने मल्टिमीटर मध्ये लावला. ०.००. आणि नातू म्हणाला, "मामा, हे निळे आकडे काऊन गेले?"

मी मीटर हातात घेऊन बघत बसलो. आकडे गेले कारण करंटच तुटला होता. करंट तुटला कारण मीटरच्या आतला फ्यूज उडालेला होता. बोट वर्कशॉपमध्ये यायच्या आठवडाभर आधी माझ्या पोराने एका टिप्परवर हाच मीटर मध्ये असताना सेल्फ मारला होता. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, १० चा फ्यूज काय टिकणार. फ्यूज उडालेला मीटर या चाचणीत कायम शून्यच दाखवतो, आणि शून्य म्हणजे "सगळं ठीक" असं आपण वाचतो. वर्कशॉपमधलं माझं निदान मेलेल्या मीटरवर उभं होतं.

क्लॅम्प मीटरला तार तोडावी लागत नाही, नुसती कवेत घ्यायची. आधी शून्यावर आणला, मग बॅटरीच्या मुख्य तारेभोवती लावला: ०.०२ अँपिअर. तार धरून मागे गेलो तर कुणीतरी चार्जिंग सॉकेट पंपाच्या थेट लाइनवर जोडलेलं. चावी फिरवल्याशिवाय मोबाईल चार्ज व्हावा म्हणून. त्या लाइनला फ्यूजही नव्हता, बॅटरीपासून पंपापर्यंत उघडी लाल तार.

साडेसात झाले होते. चोर सापडला म्हणून सॉकेट कापून निघायचा मोह मला झाला. पण ०.०२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-तास. या हिशेबाने बॅटरी संपायला चार महिने लागतील, तीन दिवस नाही. हा खिसेकापू होता, दरोडेखोर दुसराच. काका म्हणाले, "जायं तं ठेवू द्या आधी." ओलं जाळं दोघांनी उचलून बोटीच्या मागच्या भागात टाकलं, नेहमी टाकतात तसं. आम्ही काठावर खाद्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसलो. भाकरी आणि झिंग्यांची चटणी आली.

नऊ-चाळीसला बोटीतून घुर्रर्र असा आवाज आला. दहा-बारा सेकंद. थांबला. पाठोपाठ दुसरा आवाज, घळघळ, बाटली उलटी धरल्यासारखा. मग शांत. अर्ध्या मिनिटाने परत घुर्रर्र.

टॉर्च घेऊन बोटीत उतरलो. जाळ्यातून निथळलेलं पाणी फळ्यांखाली मागे जमा झालं होतं. फ्लोट उचलला जाई, पंप चाले, पाणी पाईपमध्ये चढे. पाणी खाली गेलं की फ्लोट पडे, पंप थांबे, आणि पाईपभर पाणी उलट्या वाटेने परत तळात. फ्लोट पुन्हा वर. बाहेर पडत होते जेमतेम चार थेंब. तेच दोन लिटर पाणी पंप रात्रभर वरखाली करत होता.

दहा मिनिटं मोजलं: पंधरा वेळा. चालताना २.६ अँपिअर, १२ सेकंद. मधली विश्रांती २८ सेकंद. सरासरी पाऊण अँपिअरच्या थोडं वर, दिवसाला जवळपास १९ अँपिअर-तास. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, ५६. शुक्रवार ते मंगळवार चार दिवस, ७५, म्हणजे बॅटरीत आहे त्याहून जास्त. इंजिन बॅटरीला चार्ज देतं, पण पिंजऱ्यापर्यंतच्या वीस मिनिटांच्या हळू फेरीत ते देणार किती?

आणि जाळं काठावर सुकवलं तर तळात फ्लोट उचलण्याएवढं पाणीच जमत नाही. काकांनी ते पहिल्या वाक्यात सांगितलं होतं.

हे आधी का होत नव्हतं? विचारल्यावर कळलं. पंपाचा जुना पाईप पाऊण इंची, जेमतेम मीटरभर, सरळ मागच्या काठावरून बाहेर. पण मागे बांधलेल्या डोंग्यात त्याचं पाणी पडायचं, म्हणून दिवाळीनंतर कुणीतरी घरातला एक इंची हिरवा पाईप लावून तो कडेकडेने चार मीटर पुढे नेला. जुन्या पाईपात पाणी मावायचं पाव लिटरपेक्षा थोडं जास्त. नव्यात मावतं दोन लिटर. पाव लिटर परत आलं तर फ्लोटला कळतही नाही. दोन लिटर त्या निमुळत्या तळात आलं की कळतंच.

काय केलं

पाईपमध्ये एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा, हे मला लगेच सुचलं. नातवानेही तेच सुचवलं. पण या बोटीच्या तळात खवले असतात, जाळ्याचे तुटके धागे, खाद्याचा चोथा. असा कचरा व्हॉल्व्हच्या तोंडात अडकला की तो उघडा राहतो, किंवा बंद. उघडा राहिला तर आपण होतो तिथेच. बंद राहिला तर पावसात पंप फिरतो आणि पाणी जात नाही. जो भाग बिघडल्याचं बोट बुडेपर्यंत कळत नाही, तो मी लावला नाही.

पाईप पुन्हा पाऊण इंची आणि आखूड केला, बाहेरच्या तोंडाला एल्बो लावून पाणी डोंग्याच्या उलट बाजूला वळवलं. पाईप पुढे न्यायची गरजच मुळात नव्हती. फ्लोट स्विच प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर तीन-साडेतीन सेंटीमीटर वर घेतला. त्यामुळे तळात थोडं पाणी कायम राहील, आणि काकांना ते पटायला वेळ लागला, कारण बोट कोरडी असावी ही त्यांची जन्माची सवय. सॉकेट मेन स्विचनंतरच्या लाइनवर आणलं. थेट लाइनला बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज टाकला. आणि पंपाच्या समांतर एक छोटा लाल दिवा, काठावरून दिसेल असा, पंप चालू असेल तरच पेटणारा.

निकाल

पुढचे तीन आठवडे नातवाने वहीत सकाळचं व्होल्टेज लिहिलं. चार दिवस उभी राहिल्यावरही १२.५ च्या खाली गेलं नाही, जाळं बोटीत असलं तरी. पहिल्या मोठ्या पावसात लाल दिवा लागला, एकदा सलग चालून विझला आणि तासाभराने परत लागला. हवं होतं तसंच.

नव्या बॅटरीचं मात्र नुकसान झालं. गाडीची बॅटरी पाच-सहा वेळा तळापर्यंत उतरली की तिची ताकद कायमची कमी होते. पावसाळा संपल्यावर लोड टेस्टला ती आधीपेक्षा लवकर बसली. जुनी जी भंगारात गेली, ती खरंच मेली होती की नुसती उपाशी होती, ते आता कुणाला कळणार नाही.

पुन्हा हे काम आलं तर

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी मी आता त्याला एक पार्किंग दिवा दाखवतो. माहीत असलेला लोड मध्ये घेऊन बरोबर आकडा दाखवला, तर पुढे. आणि "शून्य" या आकड्याकडे संशयानेच बघतो. आजच्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये अगदी शून्य फार क्वचित असतं.

वर्कशॉपमध्ये पंप तपासताना दोन बादल्या पाणी तळात ओतलं असतं, तर दुपारीच सगळं कळलं असतं. बाहेर ४५ अंश होतं, नळाला पाणी नव्हतं, आणि मला ते सुचलंही नाही. फ्लोट हाताने उचलून मी पंप चालतो हे तपासलं. तो थांबल्यावर काय होतं हे तपासलं नाही.

काकांचं वाक्य जॉब कार्डवर लिहायला हवं होतं, मला पटो न पटो. त्यांनी दिलेलं कारण चुकू शकतं, आणि ते "जाळ्यामुळे" म्हणाले तेही नेमकं नव्हतं, पाण्यामुळे होतं. पण कधी होतं आणि कधी होत नाही, हे त्यांनी सहा महिने बघितलं होतं आणि मी एक दुपार. आता कार्डवर मी एक रकाना वाढवला आहे: "गिऱ्हाईक काय म्हणतं". ट्रकवाल्यांचे लिंबूसुद्धा त्यात लिहितो.

पैशांचं असं झालं की दुसऱ्या फेरीचे मी घेतले नाहीत. काकांनी त्याबदली एक तीन किलोचा कतला दिला, तो घ्यावाच लागला.

बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून आलो होतो: "लाल जाडी तार फक्त पंपाची". दिवाळीत गेलो तेव्हा त्याखाली नातवाने मोबाईलचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली होती.